रविवारी फूल उघडत नाही

तारीखरावांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून थेट संचालकांपर्यंत संस्थेत सगळे त्यांना तारीखरावच म्हणत. वरच्या मजल्याचा नळ कधी फुटला, लिफ्टवाला दोन दिवसांची रजा टाकून गेला तो कायमचा कधी गेला, हे सगळं त्यांना तोंडपाठ. विचारणाऱ्याला तारीख मिळे, वार मिळे, आणि नको असलं तरी त्या दिवशी टेकडीवर किती फुलं उघडली होती तेही मिळे. त्यामुळे लोक शक्यतो विचारत नसत.

एकच तारीख ते न विचारता सांगत. लेकीने पहिलं पाऊल टाकलं तो दिवस. सोमवार होता. ते कामावरून येऊन दारात बूट काढत होते, आणि ती भिंत सोडून चार पावलं चालत त्यांच्याकडे आली. "माझ्या डोळ्यांदेखत!" असं म्हणून ते समोरच्याकडे अशा नजरेने बघत की त्याला काहीतरी बोलावंच लागे. लेक आता दोन मुलांची आई होती, पण बापाच्या तोंडून ती दर महिन्याला नव्याने चालायला लागे.

संस्था झाडाझुडपांच्या अभ्यासाची होती. तिच्या मागे एक खडकाळ टेकडी होती आणि टेकडीवर एक गुडघाभर उंचीचं रानटी झुडूप आपल्या मर्जीने वाढत असे. त्याचं शास्त्रीय नाव एवढं लांब होतं की ते म्हणेपर्यंत फूल सुकावं. तारीखराव त्याला नुसतं 'निळी' म्हणत. थंडी ओसरली की निळीला फुलं येत आणि सहा आठवड्यांत सगळा कारभार आटोपे.

एकतीस वर्षांपूर्वी संस्थेतल्या थोरल्या सरांच्या मनात आलं की या झुडपांना दरवर्षी कधी फूल येतं ते बघावं. त्यांनी एकशे साठ झुडपं निवडली, प्रत्येकाच्या बुंध्याशी आकडा ठोकलेला पत्र्याचा बिल्ला बांधला आणि मदतीला माणूस शोधायला लागले. तारीखराव तेव्हा काचेची भांडी धुण्याच्या कामावर होते. सरांनी त्यांना निवडलं ते काही हुशारी बघून नव्हे. टेकडी चढल्यावर त्यांना दम लागला नाही, एवढंच.

काम सोपं होतं. रोज सकाळी एकशे साठ झुडपांपुढे गुडघे टेकायचे. कळीच्या पाचही पाकळ्या सुटून आतला पिवळा ठिपका दिसला की त्या झुडपाचं पहिलं फूल उघडलं असं धरायचं आणि वहीत तारीख लिहायची. चार पाकळ्या सुटल्या असतील तर उद्या यायचं. "दिसेल ते लिहायचं, वाटेल ते नाही," सरांनी बजावलं.

"किती वर्षं करायचं, सर?"

"मरेपर्यंत," सर म्हणाले. झाडं मरेपर्यंत की माणसं, हे विचारायचं तारीखरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नोकरी नवी होती. पुढे अकराव्या वर्षी सरच गेले. एकशे साठांपैकी तेव्हा एकशे त्रेपन्न झुडपं जिवंत होती. सरांच्या जागी जे आले त्यांना शेवाळात रस होता, त्यांच्यानंतरच्यांना परदेशात. निळीची वही बंद करा असं तारीखरावांना कुणी सांगितलं नाही आणि चालू ठेवा असंही कुणी सांगितलं नाही. सरकारी कामात एवढी परवानगी पुष्कळ झाली. ते रोज टेकडी चढत राहिले. जुन्या टायरचे दोन तुकडे कापून त्यांनी गुडघ्यांना बांधायला पट्टे केले. दव पडल्यावर पेनची शाई पसरते म्हणून शिसपेन्सिल वापरली. एखादं झुडूप वाळलं तर त्याच्या रकान्यात 'गेली' असं लिहीत आणि तो दिवसभर जरा कमी बोलत.

आणि मग त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी, ऐन फुलांच्या दिवसांत, संचालकांना टेकडी दिसली. म्हणजे ती खिडकीतून रोजच दिसत होती, पण आता त्यांना तिथे गाड्या लावायची शेड दिसू लागली. शुक्रवारी समिती बसणार होती. टेकडीवरचं काम चालू ठेवण्यासारखं आहे का, ते समिती ठरवणार होती. समितीत संचालक, त्यांच्या मताचे दोघेजण आणि आठ महिन्यांपूर्वी संस्थेत आलेल्या एक तरुण संशोधक बाई होत्या. बाईंचं एकटीचं काय ते स्वतःचं मत होतं.

बाई तारीखरावांच्या वह्यांवर खूश होत्या. त्यांनी एकतीस वह्या संगणकात चढवल्या होत्या. निळी आता पहिल्या वर्षापेक्षा नऊ दिवस आधी फुलते, असं त्यांनी त्यातून काढलं होतं. "तारीखकाका, नऊ दिवस! हवा बदलतेय ते तुमच्या पेन्सिलीने पकडलंय," त्या म्हणाल्या होत्या. तारीखरावांना त्यातलं अर्धंच कळलं, पण घरी जाऊन त्यांनी ते पूर्ण सांगितलं.

समितीच्या आधीच्या बुधवारी बाईंनी त्यांना खोलीत बोलावलं. पडद्यावर सात खांब उभे होते. खरं म्हणजे सहा.

"काका, कुठल्या वारी किती फुलं उघडली ते मी सहज काढून बघितलं. हा मंगळवार, हा बुधवार... सगळे सारखे. हा सोमवार, दुप्पट. आणि हा रविवार."

रविवारच्या जागी काहीच नव्हतं.

"एकतीस वर्षांत रविवारी एकसुद्धा फूल उघडलं नाही," बाई हसत म्हणाल्या. "झुडपांना साप्ताहिक सुट्टी होती का?"

तारीखराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा पाहून बाईंचंही हसू आटलं.

"सुट्टीमुळे तुम्ही जात नसाल तर तसं सांगा. रविवारी उघडलेलं सोमवारी दिसलं, तेव्हा लिहिलं. चालतं ते. नऊ दिवसांचे नऊच राहतात, सरासरीत फरक पडतो तो एका दिवसाच्या सातव्या भागाचा. पण वहीच्या पहिल्या पानावर 'रोज पाहणी' असं लिहिलंय आणि खाली सह्या आहेत. संचालक विचारतील, रोज होती तर रविवार कुठे गेला? एक वार हाताने हलवलाय, तर आणखी काय काय हलवलंय? मग सगळ्या वह्या रद्दीत जातील, काका. मला खरं काय ते सांगा."

तारीखरावांना सांगता आलं नाही. तारीख विचारली असती तर त्यांनी सांगितली असती.

खरं असं होतं. पहिल्या वर्षी थोरले सर परदेशी गेलेले असताना तारीखराव रविवारीसुद्धा टेकडीवर गेले. फुलांना कुठे वार कळतो? रविवारी सात झुडपं उघडली, त्यांनी सोमवारी वहीत रविवार लिहिला. आठवड्याची वही हेडक्लार्ककडे सहीला जात असे. हेडक्लार्कने चष्मा वर केला.

"रविवारी कोण गेलं होतं?"

"मी."

"कुणाच्या परवानगीने? रविवारची नोंद म्हणजे रविवारचं काम. रविवारचं काम म्हणजे बदली रजा. बदली रजेला वरची मंजुरी. वरचे आहेत परदेशात. म्हणजे तू गेला नव्हतास."

"पण फुलं उघडली ना साहेब."

"ती उघडू देत. त्यांना कुठे मी अडवलंय? तू खोड आणि सोमवार लिही."

तारीखरावांनी खोडलं. सर परत आल्यावर सांगू असं ठरवलं होतं, पण सरांनी येताच पाठ थोपटली, वही उघडून "वा!" म्हटलं, आणि त्या 'वा'नंतर तोंड उघडायचं त्यांना धाडस झालं नाही. दुसऱ्या वर्षी आणखी कठीण गेलं. तिसऱ्या वर्षापासून सवय लागली. हेडक्लार्क बदलले, आता त्या खुर्चीवर तिसरा होता. नियम मात्र पहिलाच होता.

तरी रविवारी घरी बसणं त्यांना जमेना. संस्थेचं फाटक बंद असे, म्हणून ते टेकडीच्या मागच्या बाजूने कुंपणाच्या फटीतून शिरत आणि कुणाला दिसू नये अशा बेताने दिवेलागणीलाच बाहेर पडत. वही आणि गुडघ्यांचे पट्टे संस्थेच्या कपाटात कुलूपबंद. मग उघडलेल्या झुडपांचे आकडे डोक्यात ठेवायचे, ते विसरायला नकोत म्हणून घरी आल्या आल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, रविवारच्या चौकोनात, बारीक अक्षरात लिहायचे: ४२, ६७, ११०. सोमवारी तेच आकडे सोमवार म्हणून वहीत जात. म्हणजे सरकारी वही खोटं बोलत होती आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खरं. शेजारच्या एका गृहस्थाने ते आकडे पाहून तीन वर्षं लॉटरीची तिकिटं घेतली होती. लागलं एकदाही नाही, पण तारीखरावांवरचा त्याचा विश्वास काही उडाला नाही.

त्या बुधवारी ते घरी आले ते बूट न काढताच खाटेवर बसले. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"अहो, काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही. सगळंच जाणार आहे." आणि त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच तिला ते खोडलेल्या रविवारचं प्रकरण पहिल्यापासून सांगितलं. "सर म्हणायचे, दिसेल तेच लिही. मी दिसलेलं खोडलं गं. एकतीस वर्षं खोडतोय."

बायको ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मग ती कॅलेंडरं दाखवा ना त्या बाईंना."

"ती कुठे आहेत आता? वर्ष संपलं की तू काढून टाकायचीस."

"काढायचे. टाकायचे कधी म्हटलं?"

तिने स्वयंपाकघरात जाऊन फळीवरचे डबे उतरवायला सुरुवात केली. पिठाचा, साखरेचा, डाळींचे चार. डब्यांखाली फळीभर कॅलेंडरचे कागद अंथरलेले. त्यांच्याखाली त्याच्या आधीच्या वर्षांचे. भांड्यांच्या कपाटात, कपड्यांच्या खणात, देव जाणे कुठे कुठे. तिने तीस वर्षांत नवा कागद विकत आणला नव्हता. एक वर्ष लेकीच्या पुस्तकांची कव्हरं होऊन गेलं होतं, चार वर्षं ओल लागून कुजली होती. सव्वीस वर्षं हाती लागली, तेलाच्या डब्याच्या गोल डागांसकट.

तारीखराव गुडघे टेकून बसले आणि रविवार शोधू लागले. आकडे होते. पण प्रत्येक आकड्यावर लाल पेन्सिलीची आडवी काट मारलेली होती.

"या काटा कसल्या?"

"तुम्ही घरी नव्हतात त्याच्या," बायको डबा पुसत म्हणाली. "म्हातारपणी एकदा समोर मांडून हिशोब विचारणार होते. एवढे रविवार मी एकटीने काढले म्हणून. आता मांडायची पाळी आली तर ती अशी."

गुरुवारी बाई घरी येऊन सगळे आकडे वहीशी ताडायला उतरवून घेऊन गेल्या. शुक्रवारी कागदांची गुंडाळी घेऊन बायको त्यांच्याबरोबर संस्थेत आली. गुंडाळी बसमध्ये विसरतील, यांचा काय भरवसा, असं तिचं म्हणणं. समितीच्या चकचकीत टेबलावर बाईंनी ते कागद पसरले, तेव्हा खोलीत मोहरीचा मंद वास आला. संचालकांनी एक कागद दोन बोटांनी उचलला.

"याला आपण शास्त्रीय नोंद म्हणायचं?"

"तारीख आहे, झुडपाचा आकडा आहे, पाहणाऱ्याचं अक्षर आहे," बाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षांतला प्रत्येक आकडा मी वहीतल्या सोमवारशी ताडून बघितलाय. एकही चुकलेला नाही."

"घरी बसून कॅलेंडरवर आकडे कुणीही लिहील. हे रविवारी खरोखर टेकडीवर होते कशावरून?"

दाराशी खुर्चीवर बसलेल्या बायकोला कुणी विचारलं नव्हतं, पण ती उठली.

"घरी नव्हते यावरून. त्या लाल काटा माझ्या आहेत."

"अहो, घरी नव्हते म्हणजे दुसरीकडे कुठे गेले नसतील कशावरून?"

"पँटच्या गुडघ्यांवरून," ती म्हणाली. "टेकडीची लाल माती साबणाने निघत नाही. घासून काढावी लागते. दर रविवारी मी घासलीय. तुम्हाला हवं तर लिहून देते, खाली सही करते."

संचालकांनी आपल्या मताच्या दोघांकडे पाहिलं. त्यातले एक गृहस्थ स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते. कोपऱ्यातल्या तारीखरावांना बायकोकडे बघवेना आणि तिच्यावरून नजर हटवताही येईना. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं की आपल्याला रविवारी बघणारं कुणी नाही.

टेकडी वाचली. गाड्यांची शेड पुढच्या बाजूला, संचालकांच्या खिडकीखाली उभारायचं ठरलं. सोमवारच्या सभेत संचालकांनी "आपल्या संस्थेची एकतीस वर्षांची अखंड परंपरा" या विषयावर पाऊण तास भाषण केलं. मंगळवारी कार्यालयाने तारीखरावांना रीतसर पत्र दिलं: सुट्टीच्या दिवशी विनापरवाना संस्थेच्या हद्दीत प्रवेश केल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा. तारीखरावांनी खाली शिसपेन्सिलीने खुलासा केला, "फुलं उघडत होती." त्यावर शेरा पडला: खुलासा समाधानकारक नाही, तथापि संबंधित महिनाअखेर निवृत्त होत असल्याने प्रकरण बंद.

तारीखराव एवढे हलके कधीच नव्हते. त्या आठवड्यात ते जिन्याने चढताना गुणगुणत होते आणि पहारेकऱ्याला त्यांनी लेकीच्या पहिल्या पावलाची गोष्ट दोनदा सांगितली. आपली एकमेव लबाडी धुऊन निघाली होती. आता वहीतल्या आणि आयुष्यातल्या सगळ्या तारखा बरोबर होत्या.

बाई कॅलेंडरचे कागद एकेक करून यंत्रावर छापून घेत होत्या, पुढची बाजू आणि मागची. गुरुवारी दुपारी त्यांनी तारीखरावांना हाक मारली.

"काका, हा कागद बघा जरा. पुढे बेचाळीस आणि सदुसष्ट आहेत, ते चढवलं मी. पण मागच्या बाजूला अक्षर वेगळं आहे. फुलाचं नाही वाटत. ठेवू की सोडू?"

तारीखरावांनी चष्मा लावला. पाठकोऱ्या बाजूवर लाल पेन्सिलीने दोन ओळी होत्या. बायकोचं अक्षर. वर तारीख, आणि पुढे: *आज रविवार. बाळ चार पावलं चाललं. हे टेकडीवर.*

त्यांनी ते वाचलं. कागद उलटा करून पुढच्या बाजूची तारीख बघितली. पुन्हा उलटा केला. वार मोजून पाहायची त्यांना गरज नव्हती. त्या महिन्यातला प्रत्येक वार त्यांना पाठ होता.

"काका?"

"हे नका चढवू," ते म्हणाले. "हे घरचं आहे."

त्या दिवशी ते बसने आले नाहीत, चालत आले. दारात बसून बूट काढताना त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. लेक त्या सोमवारी जिथून सुटली होती तिथे आता फ्रीज होता. आत बायको डब्यांखाली घालायला नवे कागद कापत होती. जुने सगळे संस्थेत गेले होते.

"अगं," त्यांनी दारातूनच विचारलं. "ती सोमवारी चालायला लागली ना?"

कात्री थांबली.

"तुम्हाला सोमवारी दिसली," बायको म्हणाली.

"आणि तुला?"

ती कागद गुडघ्यावर ठेवून म्हणाली, "दुपारभर चालत होती. तुम्ही आलात तेव्हा दमून झोपली होती. तुमचे गुडघे सोललेले. आल्या आल्या कॅलेंडरवर आकडे लिहिलेत, मग मला म्हणालात, आज दोन उघडली. किती खूश होतात. दुसऱ्या दिवशी तुमची वेळ झाली तशी मी तिला भिंतीशी उभी केली आणि बूट वाजले तेव्हा सोडली."

तारीखरावांच्या हातात एक बूट तसाच होता.

"एवढी वर्षं सांगतोय मी सगळ्यांना. तू ऐकत होतीस. एकदा तरी सांगायचंस ना, की रविवार होता."

"आता काय सांगायचं," बायको म्हणाली आणि कात्री पुन्हा उचलली. "तुमच्यात रविवारची नोंद चालत नव्हती."